काय बंद पडलं नाही? : एका वहीच्या नोंदी, आषाढी ते दसरा २०२४

१६ जुलै २०२४, मंगळवार

परवा जेवताना बायको म्हणाली, "अहो, पंधरा दिवस मी मोजतेय. घरात पाऊल टाकल्यापासून ताट उचलेपर्यंत तुम्ही फक्त काय बिघडलं तेच सांगता. कंपनीत धड असं काही चालतच नाही का?"

मी म्हटलं, धड चालतं ते माझ्याकडे येतच नाही. मेंटेनन्सला फोन येतो तो बंद पडल्यावर.

उत्तर बरोबर होतं, पण रात्री झोप लागेना. तेवीस वर्षं मी ब्रेकडाउन रजिस्टर लिहितोय. मशीन नंबर, वेळ, बिघाड, कारण, उपाय, डाउनटाइम म्हणजे मशीन बंद राहिल्याचा वेळ मिनिटांत, सही. चालू मशीनला त्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. रकाना नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे आमच्या धंद्यात ते घडलंच नाही.

लेक पुण्याला मानसशास्त्र शिकते, दुसरं वर्ष. तिच्या कानावर आईने घातलंच होतं. आज तिचा व्हॉट्सअ‍ॅप: "पप्पा, ग्रॅटिट्यूड जर्नल लिहा. तीस प्रॉम्प्ट पाठवते, रोज एक." ग्रॅटिट्यूड जर्नल म्हणजे कृतज्ञतेची वही, आणि प्रॉम्प्ट म्हणजे लिहायला सुरुवात करून देणारा प्रश्न. तीसही इंग्रजीत. मी बसून मराठी केले.

प्रकल्पाची मांडणी अशी. वही: दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, घरात पडून होती. वेळ: रात्री जेवणानंतर, दहा मिनिटं. मुदत: दसऱ्यापर्यंत, म्हणजे १२ ऑक्टोबर. मोजमाप: अजून ठरलेलं नाही. मोजमापाशिवाय ट्रायल घेणाऱ्यांना मी नावं ठेवतो, पण असो.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

प्रॉम्प्ट: आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींसाठी कृतज्ञ आहात?
लिहिलं: कुटुंब. आरोग्य. नोकरी.
वेळ लागला: दीड मिनिट. उरलेली साडेआठ मिनिटं साबुदाणा खिचडीच्या ढेकरा दिल्या.

२० जुलै, शनिवार

गुरुवार: कुटुंब, आरोग्य, पाऊस. शुक्रवार: कुटुंब, आरोग्य, नोकरी. आज चक्क "वरीलप्रमाणे" लिहिलं आणि थबकलो.

हे मी रोज बघतो. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची, म्हणजे बिघडायच्या आधीच मशीन तपासायची, चेकलिस्ट असते, वीस मुद्दे. आळशी फिटर मशीनचं कव्हरही न उघडता चहाच्या टपरीवर वीसच्या वीस मुद्द्यांवर ओके मारतो. असा कागद हाती आला की मी झापतो. आज माझीच वही तशी निघाली. कव्हर उघडलंच नाही.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

चुकतंय कुठे ते बघत होतो. पहिला संशय भाषेवर. "मी अमुक गोष्टीसाठी कृतज्ञ आहे" हे वाक्य मी जन्मात कोणाला म्हटलेलं नाही. आमच्याकडे कृतज्ञता ऐकू येते ती आभारप्रदर्शनात, आणि ते कार्यक्रमाच्या शेवटी, लोक खुर्च्या सरकवून वड्याच्या वासाकडे निघालेले असताना. घरात तर आभार हा शब्द जवळपास शिवीच. पाणी दिलं म्हणून बायकोला धन्यवाद म्हणालो तर ती ताप बघेल. बहिणीला म्हणालो तर म्हणेल, "आता परकं करायचं ठरवलंयस का दादा?"

मग आपण काय म्हणतो? "त्याची जाण ठेव." "केलेलं विसरू नको." "अन्नदाता सुखी भव." गोव्याकडे माझा साडू आहे, तो थँक्यूच्या जागी "देव बरें करूं" म्हणतो. म्हणजे मी तुला काही देऊ शकत नाही, देवाने बघावं.

दुपारी आमच्या शाळेतल्या सरांना फोन केला, दरवर्षी करतो. चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, संस्कृत मात्र शाबूत. वहीचं सांगितलं तर म्हणाले, "शब्द फोड की रे. कृत म्हणजे केलेलं. ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणीतरी काहीतरी केलंय, ते ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. तुझ्या यादीत केलेलं काय आहे?"

कुटुंब, आरोग्य, नोकरी. तिन्ही नामं. केलेलं काहीच नाही. कोणी केलं तेही नाही.

एवढ्यासाठी लेकीची फी भरतोय, आणि उत्तर सरांकडे फुकट मिळालं.

२४ जुलै, बुधवार

प्रॉम्प्टला मी आता स्टार्टर म्हणतो. उगाच नाही. मोठी मोटर थेट लाइनवर टाकली तर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते आणि ब्रेकर पडतो. म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वायरी जोडायच्या दोन तऱ्हा. आधी स्टारमध्ये हळू उचलायची, लाइनचा करंट एक तृतीयांशावर येतो. वेग धरला की डेल्टा.

लेकीच्या यादीतला बारावा प्रॉम्प्ट होता, "आयुष्यातल्या कोणत्या आव्हानाबद्दल आज तुम्हाला कृतज्ञ वाटतं?" हा थेट लाइनवरचा. दिवसभर आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला हा विचारला की माझा ब्रेकर पडतो. आव्हान म्हणे.

आज पहिला स्वतःचा स्टार्टर केला: आज काय बंद पडलं नाही?

लिहिलं: गल्लीतले दिवे. सकाळची बस. गॅस शेगडीचा लायटर, जो गेले सहा महिने "आता जाईल" असा चालतोय. बायकोची पाठ, म्हणजे आज दुखली नाही म्हणाली. कंप्रेसर.

सात मिनिटं लागली. कव्हर उघडलं.

२८ जुलै, रविवार

आज थोडं सविस्तर लिहितो, कारण हात थांबला नाही.

स्टार्टर तोच. उत्तर: या महिन्यात क्लॅम्पिंगचा एकही कॉल आला नाही. (क्लॅम्प म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, घट्ट धरणारी पकड. आमच्याकडे ती हवेच्या दाबावर चालते, म्हणून न्यूमॅटिक.)

काल येताना गेल्या वर्षीचं रजिस्टर मुद्दाम चाळलं होतं. जुलै २०२३ मध्ये न्यूमॅटिक क्लॅम्पचे अकरा ब्रेकडाउन, प्रत्येकापुढे माझ्याच अक्षरात "सोलेनॉइड व्हॉल्व्ह जाम", म्हणजे ती हवा सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह अडकला. या वर्षी पाऊस आहे, मशीन त्याच, माणसंही बरीचशी तीच. मग का नाही?

बिघाड झाला की आम्ही व्हाय-व्हाय करतो. पाच वेळा "का" विचारत मूळ कारणापर्यंत उतरायचं. पद्धत टोयोटाची, आता एमआयडीसीतल्या प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर तिचा तक्ता असतो. पण बिघाड न होण्याला ही पद्धत लावलेली मी कधी पाहिली नाही. आज लावली.

का १. क्लॅम्प का अडकले नाहीत? व्हॉल्व्हमध्ये पाणी गेलं नाही.

का २. पाणी का गेलं नाही? पावसाळ्यात हवा दमट असते. कंप्रेसरने दाबून ती थंड झाली की पाणी सुटतं आणि रिसीव्हर टाकीच्या तळाशी जमतं. ते बाहेर टाकायला ऑटो ड्रेन असतो. यंदा तो काम करतोय.

का ३. का काम करतोय? जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा बसवला. जुना गाळाने चोंदला होता. हाताने कॉक उघडला तेव्हा टाकीतून दोन बादल्या तांबडं पाणी निघालं.

का ४. चोंदलाय हे कळलं कसं? चेकलिस्टवर तर "ओके" होतं. (सही माझी. शनिवारी आळशी फिटरबद्दल जे लिहिलं ते खोडणार नाही.)

का ५. फिनिशिंगचा हेल्पर सांगायला आला होता. कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा, पेठ तालुक्यातला, बावीस-तेवीसचा. जॉब साफ करायला एअर गन वापरतो. दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, गनमधून हवा कमी आन् पानी जास्त येतंय."

त्याचं ते काम नव्हतं. सुपरवायझरला सोडून मेंटेनन्सच्या दारात यायची हिंमत कॉन्ट्रॅक्टवाला सहसा करत नाही. मी काय केलं? मान वर न करता "बघतो" म्हणालो आणि चार दिवसांनी बघितलं. अकरा ब्रेकडाउन वाचले. एकेक पाऊण तासाचा धरला तरी आठ तासांहून जास्त. त्याला एक चहाही पाजला नाही.

अडीच पानं झाली. उद्या त्याला सांगायचं.

४ ऑगस्ट, रविवार

सांगितलं नाही. सोमवारी फर्नेसचं काम निघालं, मग तो दुसऱ्या पाळीला गेला. होईल.

लेकीचा फोन. तिला अडीच पानांचं सांगितलं तर ओरडलीच, "पप्पा, हे सेलिग्मनचंच आहे!" मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येक का घडली तेही लिहायचं. एका आठवड्याच्या लिखाणाचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. मी म्हटलं, मग "का" हा भाग तुझ्या तीस प्रॉम्प्टमध्ये कुठे होता? म्हणाली, "ती यादी इंटरनेटवरून उचललेली होती, सॉरी."

दुसरा प्रयोग रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलॉ यांचा, २००३ चा. कॉलेजच्या पोरांचे तीन गट, दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायचं. एका गटाने ज्यांबद्दल बरं वाटतं अशा गोष्टी, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. पहिल्या गटाला आयुष्य जास्त बरं वाटू लागलं, व्यायामही त्यांनी जास्त केला.

"पप्पा, तुम्ही कुठल्या गटात?"

मी तेवीस वर्षं दुसऱ्या गटात आहे. दहा आठवड्यांत पोरांचं जे झालं त्याला एकशे वीसने गुणा.

मोजमापाचंही आज ठरलं. गोदावरीला पाणी आलं की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. सगळ्यांना कळतं आणि कोणी वाद घालत नाही. तसं माप घरात हवं. बायको म्हणाली, "मी सांगते ना. तुम्ही घरी आल्यावर पहिलं चांगलं वाक्य बोलेपर्यंत किती मिनिटं जातात ते मी घड्याळात बघीन." तर आमच्या घरचा दुतोंड्या मारुती ती. आजचं माप: पन्नास मिनिटं, आणि वाक्य होतं, "आज भाजी बरी झालीय." ते तिने अर्धंच धरलं.

११ ऑगस्ट, रविवार

रोज लिहिण्याचा कंटाळा आलाय. चार दिवस लायटर, बस, कंप्रेसर. पुन्हा वरीलप्रमाणेकडे घसरण.

लेकीला विचारलं. सोन्या ल्युबोमिर्स्की म्हणून संशोधक आहेत, त्यांनी सहा आठवडे दोन गटांना असं लिहायला लावलं, एकाला आठवड्यातून एकदा, दुसऱ्याला तीनदा. फायदा एकदावाल्यांना दिसला. कारण बहुधा हेच, की रोजचं झालं की शिळं होतं.

आम्हाला हे आधीच कळायला हवं होतं. बेअरिंगला ग्रीस रोज मारलं तर बेअरिंग तापतं. आजपासून रविवारी एकदाच, आणि मधे एखादी गोष्ट स्वतःहून आठवली तर तेवढी.

१८ ऑगस्ट, रविवार

लेकीने नवा स्टार्टर दिला, उलट्या फिरणाऱ्या मोटरसारखा: ही गोष्ट झालीच नसती, ती कशी? चांगली गोष्ट घ्यायची आणि ती हुकण्याच्या वाटा लिहायच्या. २००८ मध्ये यावर अभ्यास झाला. त्यात एका गटाने आपला जोडीदार आपल्याला भेटलाच नसता ते कसं, हे लिहिलं. कसे भेटलो ते लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांना आपलं नातं जास्त बरं वाटलं.

लिहून बघितलं. मुलगी बघायला जायचं होतं. मनमाडला आमची गाडी चुकली. मामा म्हणाले, चला परत, अपशकुन झाला. बापू म्हणाले, तिकिटाचे पैसे गेलेत, आता एसटीने जाऊ. एसटी वाटेत पंक्चर. दुपारी बाराचा कार्यक्रम, पोहोचलो साडेचारला. तिच्या काकांनी तोवर "असल्या बेशिस्त लोकांत मुलगी द्यायची नाही" असं जाहीर केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पोहे केलेत, वाया जातील, निदान खाऊन जाऊ देत.

म्हणजे माझा संसार बापूंच्या चिकटपणावर आणि परातभर पोह्यांवर उभा आहे.

वाचून दाखवलं. बायको गप्प बसून ऐकत होती, मला वाटलं डोळ्यांत पाणी येतंय. म्हणाली, "पोहे नव्हते, सांजा होता." वहीत दुरुस्ती केली.

आजचं माप: बारा मिनिटं.

२५ ऑगस्ट, रविवार

आजचा स्टार्टर जपानचा, आणि हा गंमतीचा नाही. नाइकान म्हणतात, अर्थ आत पाहणे. योशिमोतो इशिन नावाच्या माणसाने बौद्ध साधनेतून ही पद्धत काढली. पडद्याआड कोपऱ्यात बसून आठवडाभर एकेका माणसाविषयी तीनच प्रश्न विचारायचे, सुरुवात बहुतेक आईपासून. त्यांच्याकडून मला काय मिळालं? मी त्यांना काय दिलं? माझ्यामुळे त्यांना काय त्रास झाला?

चौथा प्रश्न, त्यांच्यामुळे मला काय त्रास झाला, मुद्दाम नाही. तो आपल्याला पाठच असतो.

आमच्याकडे पडदा नाही. गच्चीत बसलो. आईवर लिहायचं धाडस झालं नाही, बायकोवर लिहिलं, तेही फक्त गेल्या आठवड्यापुरतं. मिळालं: सात डबे, त्यातले दोन पहाटे पाचला उठून. इस्त्रीचे पाच शर्ट. मंगळवारी रात्री अडीचला कंपनीतून आलो तेव्हा न झोपलेली. लाइटबिल, गॅस नंबर, माझ्या आत्येबहिणीला फोन. दिलं: गुरुवारी कढीपत्ता आणला. रविवारी मिक्सरचं कपलर बदललं. त्रास: इथे पान उलटावं लागलं.

कॉस्टिंगचा माणूस हे बघून म्हणेल, ही पार्टी तोट्यात चालवताय.

हे पान तिला दाखवलं नाही. आजपासून डबा मी धुतो. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, ट्रायल आहे.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

रजा टाकून गावी, सिन्नरच्या पुढे. भावाकडे आता बैल नाहीत. शेवटची जोडी विकली त्याला सहा वर्षं झाली. मातीच्या बैलांना हळद-कुंकू, पुरणपोळी, आणि ट्रॅक्टरला हार. ट्रॅक्टर धुतला होता छान, पण हार घालून घेताना त्याने मान खाली केली नाही, एवढाच फरक.

आदल्या संध्याकाळची आठवण निघाली. लहानपणी खांदमळणीला आजा बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचा. वर्षभर जू टेकून तिथली कातडी घट्ट, काळी झालेली असायची. चोळताना कानाशी म्हणायचा, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि मग पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू नाही, पाठीवर आसूड नाही.

आज लक्षात आलं की ही सगळी मांडणीच वहीची आहे, फक्त कागद नाही. आजा बैलांना थँक्यू म्हणत नव्हता. जिथे झिजलंय नेमकी ती जागा हाताने चाचपत होता, लोणी तिथेच लावत होता.

नवा स्टार्टर: माझ्या ओझ्याने कोणाचा खांदा झिजलाय, आणि नेमका कुठे?

परतीच्या एसटीत पहिलं नाव आलं ते त्या हेल्परचं. उद्या नक्की.

३ सप्टेंबर, मंगळवार

तो नाही. शनिवारपासून ब्रेक दिलाय.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला काही महिन्यांनी मधे थांबवतात, सलग नोकरी दिसू नये म्हणून. याला ब्रेक म्हणतात. मशीन थांबली तर तिची नोंद करायला माझ्याकडे रजिस्टर आहे.

सुपरवायझरला विचारलं, परत कधी? म्हणाला, "का हो, काही चोरलं का त्याने?"

आज लिहीत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीत वही उघडली नाही. आज उघडली ती भांडायला.

लेकीला म्हटलं, तुमच्या या विषयात एक खोट आहे. पोरगा घरी बसलाय आणि मी इथे गच्चीत बसून त्याच्याबद्दल छान छान वाटून घेतोय. अडीच पानं त्याच्यावर लिहिली, त्यातली अडीच अक्षरंही त्याच्यापर्यंत गेली नाहीत. उलट लिहिल्यामुळे मला वाटलं की फेडलं. लिहिलं नसतं तर कदाचित दुसऱ्या दिवशी बोललो असतो.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, सेलिग्मनच्या त्याच २००५ च्या प्रयोगात आणखी एक व्यायाम होता. ज्याचे नीट आभार कधी मानले नाहीत त्याला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. सगळ्या व्यायामांत लगेचचा परिणाम याचाच सर्वांत मोठा होता, महिनाभर टिकला. आणि दुसरं तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की निराशा किंवा चिंता यांवर या असल्या लिखाणाचा परिणाम फार थोडा असतो. सत्तावीस अभ्यास, साडेतीन हजारांवर माणसं, सगळं एकत्र करून तेवढंच निघालं. "औषध समजू नका पप्पा."

हे मला आवडलं. ग्रीसला ग्रीस म्हणावं, बेअरिंग म्हणू नये.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन गोष्टी लिहिल्या. एक, वाईट दिवशी वाईटच लिहायचं, ओढूनताणून त्यात चांगलं शोधायचं नाही. ३ सप्टेंबरचं पान तसंच राहील. दोन, ज्याचं नाव आलं त्याला आठवड्याच्या आत सांगायचं. रजिस्टरला "उपाय" हा रकाना असतो, वहीला नव्हता. आता पट्टीने आखला.

२९ सप्टेंबर, रविवार

रकान्याचा हिशोब, पंधरा दिवसांचा.

वॉचमनकाका: रात्री पॅनेल रूममधून जळका वास येतो म्हणून उठवलं होतं, मागच्या दिवाळीत. सांगितलं. म्हणाले, "आता? बरं."

धाकटा भाऊ: बापूंच्या आजारपणात दवाखान्यात रात्री तोच झोपला, मी पैसे पाठवले आणि स्वतःला मोठा समजलो. फोनवर सांगायला गेलो, दोघंही कांद्याच्या भावावर बोलत राहिलो. शेवटी म्हटलं, तू होतास म्हणून झालं. तो म्हणाला, "दारू प्यायलास का?"

बायको: नाइकानचं पान दाखवलं. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं, तिसरा रकाना दोनदा. मग पेन मागून त्यात तीन मुद्दे वाढवले.

सांगणाऱ्याला जेवढं अवघड जातं त्याहून ऐकणाऱ्याला जास्त. आपल्याकडे माणूस सरळ काही चांगलं बोलला की समोरचा आधी पाकीट चाचपतो. म्हणून मी आता थेट आभार म्हणत नाही. नेमकी गोष्ट सांगतो, तारीख आणि जागेसकट, आणि विषय बदलतो. बरं जातं.

माप: चार मिनिटं. बायकोचा शेरा, "बिघाडही सांगता, पण आता त्यात माणसं असतात."

६ ऑक्टोबर, रविवार

हेल्परचा नंबर कोणाकडे नाही. कॉन्ट्रॅक्टरकडे होता, देईना. "साहेब, काय लफडं असेल तर मला सांगा." चार वेळा समजावलं. शेवटी फिनिशिंगच्याच दुसऱ्या पोराकडे मिळाला. तीनदा लावला, कव्हरेज क्षेत्राबाहेर. त्याच्या गावात टेकडीवर चढलं तरच रेंज येते म्हणे.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी शॉपमध्ये पूजा. सगळ्या मशीनना झेंडूचे हार, पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक, कंप्रेसरपुढे नारळ. नारळ मीच फोडला. वर्षातला हा एक दिवस आम्ही चालू मशीनकडे बघतो, आणि गंमत म्हणजे ती त्या दिवशी बंद असते.

पावणेबाराला त्याचाच फोन. मिस्ड कॉल बघून केला होता. मागे वारा, कोंबडा, कोणीतरी हाका मारतंय.

"कोन?"

नाव सांगितलं. लगेच आवाज बदलला. "साहेब? काय झालं? मी तं कायच नेलं नव्हतं तिथलं."

म्हटलं, अरे नाही. जूनमध्ये तू सांगायला आला होतास, गनमधून पाणी येतंय म्हणून. त्यामुळे ड्रेन बदलला. गेल्या वर्षी त्या महिन्यात अकरा ब्रेकडाउन होते, यंदा एकही झाला नाही. ते तुझ्यामुळे. हे सांगायचं राहिलं होतं.

बराच वेळ नुसता वारा.

"कोनता ड्रेन?"

त्याला आठवतच नव्हतं. मी दार, वेळ, त्याचं वाक्य सगळं सांगितलं. मग हसला.

"हां हां. ते व्हय. साहेब, माझा बूट फाटका व्हता ना. गन मारली की समदं पानी बुटात. दिवसभर पाय वल्ला. म्हनून आलो व्हतो सांगायला. सुपरवायझरला दोनदा सांगितलं व्हतं, तो ऐकना."

भात कापणीला आलंय, ते झालं की बघू म्हणाला. कॉन्ट्रॅक्टरने दिवाळीनंतर बोलावतो म्हटलंय. मी त्याला, आमच्या हातात असेल तेवढं मी बोलतो, असं म्हटलं. आपट्याचं सोनं फोनवर देता येत नाही. तो म्हणाला, "तिथंच ठेवा साहेब, आलो की घेतो." रेंज गेली.

२८ जुलैच्या पानावर दुरुस्ती. का ५: हेल्परने सांगितलं. का ६: त्याचा बूट फाटका होता. का ७: कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला सेफ्टी शूज दिले नव्हते. का ८ लिहिला नाही, तो मला माहीत आहे.

उपायाच्या रकान्यात: त्याच्या जागी आलेल्या पोराचे पाय जाऊन बघितले. चपला. नंबर विचारला, सात. दसऱ्याची सुट्टी म्हणून स्टोअर बंद होतं, मागणीची चिठ्ठी दाराखालून सरकवली. दोन जोड, एक सात नंबर, एक आठ.